मदत हवी आहे: ऑक्टाव्हिया व्हीआरएसचं कूलंट १०६ अंशांवर, काटा मात्र ९० वरच

मंडळी, मार्चमध्ये सेकंडहँड ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० घेतली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल. गाडीवर जीव आहे, पण झोप उडालीय.

झालं असं, की हौसेने ब्लूटूथवालं ओबीडी यंत्र (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं) लावून कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान फोनवर बघायला लागलो. परवा पुणे-महाबळेश्वर केलं. हायवेवर शंभरच्या स्पीडला निवांत चाललो होतो, तर आकडा १०५-१०६. डॅशबोर्डवरचा काटा मात्र ९० ला खिळा ठोकल्यासारखा. पुढे पसरणी घाटात एसटीच्या मागे अडकलो, मग जागा मिळाल्यावर चांगलीच दामटली. वाटलं, आता ११० जाणार. तर आकडा उलट खाली, ९१! उतारावर पुन्हा वर. ऑइलचं तापमान घाटात ११२ पर्यंत गेलं होतं.

घराजवळच्या गॅरेजवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "थर्मोस्टॅट अडकलाय साहेब, काढूनच टाकू, आपल्या हवेत लागत नाही." (थर्मोस्टॅट म्हणजे तापमानाप्रमाणे कूलंटची वाट उघडणारी-बंद करणारी झडप.) मी हो-नाही करत गाडी घरी आणली. कूलंटची पातळी कमी झालेली नाही, खाली थेंबही नाही. हे नॉर्मल आहे का?

प्रतिसाद १

आधी गॅरेज बदला. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, ते ऑइलमध्ये उतरतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. शिवाय तुमच्या इंजिनात काढून फेकण्यासारखा जुन्या पद्धतीचा थर्मोस्टॅट नाहीच.

प्रतिसाद २

गाडी ठणठणीत आहे. तुम्ही जे बघितलं, ते इंजिन मुद्दाम करतं.

तुमचं इंजिन ईए८८८ मालिकेतलं. त्याच्या तिसऱ्या पिढीत कूलंटची वाट फिरत्या व्हॉल्व्हने ठरते आणि तो ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, हुकमाने फिरतो. इंजिनवरचा लोड आणि आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) बघून तो तापमान ८५ ते १०७ अंशांच्या मध्ये ठेवतो. हायवेवर पाय हलका असताना गरम ठेवतो, कारण गरम इंजिनात घर्षण कमी, मायलेज बरं. घाटात तुम्ही दामटलीत, तेव्हा नॉकिंग (पेट्रोल नको तेव्हा आपोआप पेटणं) होऊ नये म्हणून त्याने थंड केलं. म्हणजे ९१ हा आकडा तुमच्या उजव्या पायाचा. व्हॉल्व्ह बिघडलाच तर ११३ ला उघडणारा मेणाचा आपत्कालीन थर्मोस्टॅट आत वेगळा आहे.

काट्याचं म्हणाल, तर तो थोडा थापाड्या आहे. साधारण ७५ ते १०५ च्या दरम्यान तो ९० च दाखवतो, कारण खरा आकडा दाखवला असता तर लोक तुमच्यासारखेच रोज गॅरेजला गेले असते. :)

१०६ ला उकळी का फुटत नाही? महाबळेश्वरला चहाचं पाणी ९५-९६ लाच उकळतं. पण कूलंटमध्ये निम्मं ग्लायकॉल असतं आणि झाकण आतला दाब धरून ठेवतं, त्यामुळे त्याची उकळी १२० च्या वर जाते. म्हणूनच गरम गाडीचं ते झाकण उघडायचं नाही. दाब सुटला की सगळं एकदम उकळून अंगावर येतं.

ऑइल घाटात ११२ म्हणजे काहीच नाही. उलट सकाळी लक्ष ठेवा: कूलंट पाच-सहा मिनिटांत ९० ला पोचतं, ऑइल तेव्हा पन्नास-साठलाच रेंगाळत असतं. ते ८० ला येईपर्यंत दामटू नका.

घाबरायचं कधी? आकडा ११५ च्या पुढे चढत राहिला, पातळी महिन्यागणिक उतरली किंवा बॉनेटजवळ गोडसर वास आला, तर. तसं झालंच तर एसी बंद, हीटर फुल्ल, गाडी कडेला.

धागाकर्ता

जीव भांड्यात पडला. आज सकाळी मोजलं: घरापासून सिंहगड रोडच्या सिग्नलपर्यंत कूलंट ८९, ऑइल ५७. इतके दिवस मी तिथूनच पिळत होतो, हे सांगायला लाज वाटतेय.

एक शेवटचं. गाडी बंद केल्यावरही पुढून पाच-सात मिनिटं घूं घूं आवाज येतो. आणि गॅरेजवाल्याने "वर टाकायला" हिरव्या कूलंटची बाटली दिलीय, माझ्या टाकीत तर गुलाबी आहे.

प्रतिसाद २

आवाज फॅनचा आणि छोट्या इलेक्ट्रिक पंपाचा. बंद केल्यावर टर्बोतली उष्णता काढतात, काढू द्या. हिरवी बाटली परत करा. टॉप-अप लागलंच तर गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच कूलंट घ्या, आणि अगदी अडलं तर डिस्टिल्ड पाणी. नळाचं नको.