‘साम्यवाद’ शिकवताना ‘साम्य’ आडवे येते

पाटीपेन्सिल :
आठवीच्या मुलांसाठी सामाजिक शास्त्रांचा एक पाठ मी इंग्रजीतून मराठीत आणते आहे आणि ‘कम्युनिझम’पाशी अडले आहे. कच्च्या मसुद्यात मी सर्वत्र ‘साम्यवाद’ लिहिले होते. तो वर्गात वाचून दाखवल्यावर ‘साम्यवाद म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा’ असे सांगितले, तेव्हा एका मुलीने सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘सर्व माणसांत साम्य असते असे मानणे.’ तिला चूक तरी कसे म्हणावे? दोन भावांच्या चेहऱ्यांत साम्य असते, दोन कवितांत असते. रोजच्या मराठीत साम्य म्हणजे सारखेपणाच. दुसऱ्याने विचारले की, सोव्हिएत संघाच्या नावात ‘समाजवादी’ होते आणि तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या नावात ‘कम्युनिस्ट’, तर त्या देशाला नेमके काय म्हणायचे? पाठात ‘साम्यवाद’ ठेवावा, की सरळ ‘कम्युनिझम’ लिहावे?

जुना कोश :
‘साम्यवाद’च ठेवावा. पारिभाषिक शब्दाचा अर्थ त्याच्या व्याख्येतून येतो, बोलण्यातल्या सवयीतून नव्हे. ‘गुरुत्वाकर्षण’ ऐकून एखाद्या मुलाला गुरुजी आठवले, म्हणून आपण तो शब्द टाकून दिला नाही. परका शब्द आला की मुलांना तो पाठ करण्यापलीकडे काही उरत नाही. घरचा शब्द निदान दार किलकिले करतो.

रोजचा वाचक :
ते दार भलत्याच खोलीत उघडते, ही तर पाटीपेन्सिल यांची तक्रार आहे. मूळ लॅटिन ‘कोम्युनिस’चा अर्थ ‘समान’ असा नसून ‘सर्वांचे मिळून असलेले’ असा आहे, आणि त्यासाठी मराठीत ‘सामाईक’ हा चोख शब्द आहे. सामाईक विहिरीचे पाणी सगळ्यांना सारखेच मिळते असे नाही, फक्त ती विहीर कोणा एकाची नसते. मार्क्सने १८७५ साली जर्मन समाजवाद्यांच्या गोथा कार्यक्रमावर (पक्षाच्या धोरणाच्या मसुद्यावर) टीका करताना उचलून धरलेले सूत्र पाहा : प्रत्येकाकडून त्याच्या कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे. ज्याच्या घरी पाच खाणारी तोंडे आहेत त्याला एकट्या माणसापेक्षा जास्त मिळावे, असेच हे सूत्र सांगते. यात सारखे वाटे कुठे आहेत? त्यामुळे ‘साम्यवाद’ हा केवळ संदिग्ध नव्हे, तर दिशाभूल करणारा शब्द आहे. ‘सामाईकवाद’ म्हणून पाहा, जिभेला दोन दिवस जड जाईल इतकेच.

भिंगकाच :
‘सामाईक’ हा माझ्या समजुतीप्रमाणे ‘सम’ आणि ‘आय’ यांवरून आला असावा, म्हणजे ज्याचे उत्पन्न समसमान वाटले जाते ते. तसे असेल तर आपण पुढच्या दाराने घालवलेले ‘साम्य’ मागच्या दाराने परत आले म्हणायचे.

जुना कोश :
अशा व्युत्पत्त्या कानाला गोड लागतात, पण त्यांना पुरावा लागतो. जैन परंपरेत समभाव साधण्याच्या व्रताला ‘सामायिक’ म्हणतात; निव्वळ नादावर जायचे तर सामाईक विहीर ही ध्यानाला बसण्याची जागा ठरेल.

खडू आणि फळा :
आपण सर्व जण शब्दाच्या पहिल्या अर्ध्यावर भांडत आहात. वर्गात खरा घोळ दुसऱ्या अर्ध्याने होतो. मराठीत आपण ‘भांडवलशाही’ म्हणतो, पण तिच्या समोर ‘साम्यवाद’ आणि ‘समाजवाद’ ठेवतो. इंग्रजीत तिन्ही शब्दांना एकच प्रत्यय आहे. ‘शाही’ म्हटले की मुलांना चालू असलेली व्यवस्था दिसते आणि ‘वाद’ म्हटले की कोणाचे तरी मत, किंवा सरळ भांडण. शिवाय ‘शाही’ने संपणारे शब्द ती एका माळेत ओवतात : लोकशाही, हुकूमशाही, राजेशाही, भांडवलशाही. विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या लावायला दिल्या, तर ‘लोकशाही’च्या समोर ‘साम्यवाद’ लिहिणारी मुले दरवर्षी निघतात. एक शब्द सत्ता कोणी चालवावी याविषयी आहे आणि दुसरा मालकी कोणाची असावी याविषयी, हे समजावण्यात माझी अख्खी तासिका जाते. इतिहासात एकपक्षीय हुकूमशाही आणि कम्युनिस्ट सत्ता एकत्र नांदल्या, हे त्याच तासिकेत सांगावेच लागते. पण शब्दांची गल्लत आधी सुटली तरच ते नीट सांगता येते.

जुना कोश :
मग ‘भांडवलवाद’ म्हणावे. ‘शाही’ हा प्रत्यय मुळात फारसीच आहे.

रोजचा वाचक :
आणि ‘लोकशाही’चे काय करायचे?

निळी शाई :
सोव्हिएत संघाविषयीचा प्रश्न मागे पडला, म्हणून लिहितो. गोथा कार्यक्रमावरच्या त्याच टीकेत मार्क्सने कम्युनिस्ट समाजाच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन अवस्था कल्पिल्या. १९१७ मध्ये लेनिनने पहिलीला समाजवाद म्हणण्याची रीत पक्की केली आणि १९१८ मध्ये त्याच्या पक्षाने ‘कम्युनिस्ट’ हे नाव घेतले. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या संघाच्या नावात चालू टप्पा आहे आणि पक्षाच्या नावात मुक्काम. मात्र हा त्यांचा स्वतःचा दावा होता, हे मुलांना सांगायला विसरू नये. जाता जाता एक शंका : आपण ‘प्रोलेटेरियट’साठी, म्हणजे केवळ मजुरीवर जगणाऱ्या कामगारवर्गासाठी, काय लिहिले आहे? ‘सर्वहारा’ नसावे, अशी आशा आहे.

जुना कोश :
‘सर्वहारा’ घातकच. गीतेत मृत्यूला ‘सर्वहर’ म्हटले आहे, म्हणजे सर्व हरण करणारा. ज्याच्यापाशी काहीच उरले नाही त्याला आपण दरोडेखोर ठरवतो आहोत.

भिंगकाच :
मराठीत ‘हरणे’ म्हणजे गमावणेही होते. ज्याने सर्व हरले, तो सर्वहारा. मला त्यात काही खटकत नाही.

पाटीपेन्सिल :
मी ‘श्रमजीवी’ लिहिले आहे, त्यामुळे त्यावर वाद नको. मात्र दरम्यान नवीनच अडचण उभी राहिली. ‘खासगी मालमत्ता नष्ट करणे’ हे शब्द वाचताच पहिल्या बाकावरच्या मुलाने आपली कंपासपेटी दप्तरात टाकली आणि ‘हीपण का?’ असे विचारले. मार्क्स आणि एंगल्स यांच्या १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याचा रोख कारखाने, जमिनी आणि भांडवल यांच्या मालकीवर आहे, कंपासपेटीवर नाही. पण आपल्या ‘मालमत्ते’त घर, भांडी, सायकल सगळेच येते. तिथे ‘उत्पादनसाधनांची खासगी मालकी’ लिहिले, तर आठवीतल्या मुलाला ते झेपेल का?

जुना कोश :
‘उत्पादनसाधने’ हा शब्द उत्तम आहे. मात्र ‘मालकी’ऐवजी ‘स्वामित्व’ लिहावे, कारण ‘मालकी’ हा शब्द अरबीतून आलेला आहे.