मदत हवी आहे : ओटीए फिल्टर ११ किलोहर्ट्झच्या वर आपोआप ऑसिलेट होतोय

नमस्कार मंडळी,

मी सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. बेअरिंग जायला लागलं की मशीन बंद पडायच्या बरंच आधी त्याचा आवाज बदलतो. तो पकडायला एक पेटी बनवतोय : मशीनला पिएझो चकती (कंपनाचं व्होल्टेज करणारी), पुढे बँडपास फिल्टर (ठराविक पट्ट्यातलेच आवाज जाऊ देणारा), मग हेडफोन. सॉटूथ (हळूहळू चढून एकदम खाली येणारं) व्होल्टेज दिलं की फिल्टर ३०० हर्ट्झपासून १५ किलोहर्ट्झपर्यंत आपला आपण सरकायला हवा, म्हणून एलएम१३७०० ही ओटीए चिप घेतली (ओटीए म्हणजे करंटने गेन बदलता येणारा अँप्लिफायर). नाशकात मिळेना, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणली.

सर्किट नेहमीचं स्टेट व्हेरिएबल, म्हणजे एक समर (सिग्नलची बेरीज करणारा) आणि दोन इंटिग्रेटर यांचा लूप. टीएल०७४ ऑपअँपचा समर, दोन ओटीए इंटिग्रेटर, प्रत्येकी १ नॅनोफॅरड आणि बफर. ओटीएच्या तोंडाशी १०० के आणि १ के चा डिव्हायडर. ओटीएचा गेन ठरवणारा बायस करंट १०० मायक्रोअँप दिला की फिल्टर ३ किलोहर्ट्झवर, हे अगदी हिशेबाप्रमाणे येतं. बँडपासच्या फीडबॅकने क्यू (पट्टा किती अरुंद, त्याचा आकडा) ४० ठेवलाय.

अडचण वरच्या टोकाला. ३०० हर्ट्झला क्यू ४० मिळतो, ३ किलोहर्ट्झला ५५, ७ ला थेट ११० च्या आसपास. ११ च्या पुढे इनपुट ग्राउंड केलं तरी स्कोपवर स्वच्छ साइन वेव्ह उभी राहते.

माझ्या मते लूपमधला फेज लॅग (सिग्नलचं मागे पडणं) क्यू वाढवतोय. खरा १/क्यू म्हणजे ठरवलेला १/क्यू वजा जादा लॅग. ऑपअँपची बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झ. समरचा नॉइज गेन ३ आणि दोन बफर धरले तर ११ किलोहर्ट्झला ०.०१८ रेडियन भरतात. ऑसिलेट व्हायला मात्र ०.०२५ (म्हणजे १/४०) लागतात. उरलेला लॅग ओटीएचा की ब्रेडबोर्डचा, इथे अडलोय.

उपाय असा सुचतोय : एका इंटिग्रेटरचा डिव्हायडर १० के आणि १०० ओहमचा करायचा आणि १० के ला समांतर ३६ पिकोफॅरडच्या जवळपास कपॅसिटर लावायचा, म्हणजे त्याची लीड (फेज पुढे नेणं) हा लॅग भरून काढेल. १०० के ठेवला तर जेमतेम साडेतीन पिकोफॅरड लागतो, तेवढा तर ब्रेडबोर्डच देतो. ऑपअँपचा लॅग आणि कपॅसिटरची लीड, दोन्ही फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतात, म्हणून एकच कपॅसिटर सगळ्या रेंजला पुरावा.

पण ओटीएचा स्वतःचा लॅग बायस करंटबरोबर बदलतो का? बदलत असेल तर खाली जुळवलेलं वर बिघडेल. कुणी प्रत्यक्ष मोजलं असेल तर कृपया आकडे सांगा. पीसीबी करायला टाकायच्या आधी हे ठरवायचंय.