मदत हवी आहे : आण्णांचं बिलीरुबिन एका रात्रीत वाढलं

राजारामपुरीकर :
बिलीरुबिन, म्हणजे रक्तातला काविळीचा पिवळा घटक, काल २.१ होतं आज ४.६, डोळे हळदीगत पिवळे. डॉक्टर राऊंडला दोन मिनिटं थांबले, म्हणाले सेप्सिसमुळं, म्हणजे इन्फेक्शन अंगभर भिनल्यामुळं, लिव्हरमधल्या इम्यून सेल्सचं सिग्नलिंग बदललंय, आणि गेले पुढं. म्हणजे नक्की काय झालंय? पटकन सांगा कोणतरी, संध्याकाळी परत भेटणार हायत.

पंचगंगाकाठ :
वय? इन्फेक्शन कशाचं? एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशींची इजा दाखवणारी टेस्ट, किती? पुराच्या पाण्यात उतरलेले का? लेप्टो, म्हणजे उंदरांमुळं होणारा ताप, असू शकतंय.

उसाचा_फड :
सरळ कावीळ हाय ही. आमच्या पाव्हण्यांच्यात नाकात औषध सोडत्यात, पिवळं पाणी गळून जातंय, तीन रविवारात माणूस खडखडीत.

राजारामपुरीकर :
६८, शुगर हाय. लघवीचं इन्फेक्शन, कल्चरला ई कोलाय हा जंतू निघालाय. एसजीपीटी ७०. आयसीयूत हायत हो, नाकात काय सोडताय!

मायक्रोवाली :
फड, ते औषध स्वतःच्या नाकात घाला. दादा, आतड्याकडनं येणारं रक्त पोर्टल शिरेतनं लिव्हरला जातं, तिथं वाटेवर कुफर पेशी, म्हणजे लिव्हरमधल्या इम्यून सेल्स, बसलेल्या असतात, जकात नाक्यागत. एरवी जंतूंचे तुकडे गपगुमान गिळतात. पण सेप्सिसमध्ये मालच एवढा येतो, ई कोलायच्या सालीवरचं एलपीएस नावाचं विष पेशीवरच्या टीएलआर४ ह्या कुलपाला चिकटतं, आत एनएफ-कप्पा-बी हा स्विच चालू होतो आणि पेशी टीएनएफ, आयएल-६ हे भडक्याचे निरोप सोडत सुटतात. आयएल-६ चा निरोप मिळाला की लिव्हर सीआरपी हे भडका दाखवणारं प्रोटीन बनवायच्या मागं लागतं, अल्ब्युमिन हे नेहमीचं प्रोटीन मागं पडतं, आणि पित्त बाहेर काढणारे पंपही कमी होतात. म्हणून बिलीरुबिन रक्तात साठतं. त्यातलं डायरेक्ट, म्हणजे लिव्हरनं पित्तात सोडायला तयार केलेलं, किती आहे?

राजारामपुरीकर :
थांबा फाईल बघतो. ३.८.

मायक्रोवाली :
मग जुळतंय, तयार झालेलंच बाहेर पडत नाहीये.

पंचगंगाकाठ :
जुळतंय काय, पित्तनळीत खडा असला तरी डायरेक्टच वाढतं! आमच्या मामांचं तसंच झालेलं, चार दिवस सगळे सेप्सिस सेप्सिस करत बसले. सोनोग्राफी झाली का ते विचारा आधी.

मायक्रोवाली :
हे मात्र बरोबर. मी डॉक्टर नाही, एमएस्सी आहे.

गडहिंग्लजकर :
हिपॅटायटिस बी ची लस मोठ्यांनी घेतली तर चालते का?

पंचगंगाकाठ :
अहो वेगळा धागा काढा की.

राजारामपुरीकर :
सोनोग्राफी चारला हाय. पण सीआरपी २१० वरनं ९० वर आलं, मग सुधारणाच न्हवं? डॉक्टर तरी खूश दिसंनात.

मायक्रोवाली :
उतरलं ते चांगलंच, पण एकट्या त्याच्यावर जाऊ नका. भडका झाला की ह्याच पेशी पुढं गप्प पडतात, तेवढंच एलपीएस आलं तरी टीएनएफ कमी सोडतात. एंडोटॉक्सिन टॉलरन्स म्हणतात. वरनं शांत वाटतं, पण तेवढ्यात दुसरा जंतू शिरला तर लढायला कोण नसतं. बीपी टिकवायचं औषध कमी होतंय का, लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढतं ते) किती, लघवी किती होते, हे विचारा.

राजारामपुरीकर :
लघवी पिशवीत दिसती, कोऱ्या चहागत हाय. बाकीचं लिहून घेतलं.

उसाचा_फड :
बरं राहू दे औषध. कुठल्या दवाखान्यात हाय? डबा पाठवतो रात्री, भाकरी आमटी, बिनतिखट.

राजारामपुरीकर :
मेसेज करतो. बिनतिखट नको, मलाच खायाचंय.