मदत हवी आहे: नगरकडच्या जुन्या मंडळीचा इतिहास

जय ख्रिस्त. माझं आजोळ नगर जिल्ह्यातलं. तिथल्या आमच्या छोट्या मंडळीची (म्हणजे चर्चच्या सभासदांची) पुस्तिका काढायची ठरलंय आणि लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय.

वरवरचं ठाऊक आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३ साली मुंबईत आलं, १८३१ला नगरात. मिशनचं नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरलाच सुरू झालं. १९७०मध्ये अनेक पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाल्यावर आम्हीही त्यातच. पण आमचं देऊळ (आजी चर्चला देऊळच म्हणायची) कधी बांधलं, पहिले पाळक (धर्मगुरू) कोण, हे कोणालाच सांगता येत नाही.

बाप्तिस्म्याची जुनी वही मिळाली खरी, पण वाळवीने सुरुवातीची पानं खाल्लीत. उरलेल्या पानांवर शाई तपकिरी झालीय. नावापुढे आईबापांची नावं, गाव आणि एका रकान्यात मोडीत काहीतरी खरडलेलं. नेमकं तेच महत्त्वाचं असणार असं वाटतंय.

तर दोन गोष्टी हव्यात. मोडी वाचणारं कोणी आहे का? फोटो पाठवते. दुसरं, हे मिशन पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. त्यातून एका खेड्यातल्या मंडळीची माहिती कोणी काढलीय का? ‘ज्ञानोदय’चे १९०० आधीचे अंक कुठे चाळायला मिळतील?

ऐकीव गोष्टीही चालतील, फक्त कोणाकडून ऐकल्या ते लिहा. आमच्याकडे प्रत्येक घराला आपलाच पणजोबा पहिला ख्रिस्ती वाटतो!