‘मेडिक्लेम म्हणजे पैसे पाण्यात’ म्हणणाऱ्यांनी आमचं तिसरं वर्ष बघावं

कृष्णाकाठ
परवा ‘हिशेबवही’ यांनी लिहिलं, की नोकरीतला ग्रुप विमा नसला तरी स्वतःच्या खिशातून आरोग्य विमा काढू नका. वर्षाचे २५ हजार म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत टाका, दहा वर्षांत घरचाच दवाखान्याचा फंड उभा राहतो. खाली सगळ्यांच्या माना डोलल्या. वाचल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं गणित मी करून पाहिलं. वर्षाला २५ हजार, १२ टक्के परतावा धरला तर दहा वर्षांनी ४ लाख ९० हजारांच्या आसपास होतात. मान्य. पण तिसऱ्या वर्षाच्या शेवटी किती असतात? ९४-९५ हजार. माझ्या नवऱ्याच्या छातीत कळ आली ती तिसऱ्याच वर्षी. त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मालकही तेच, कामगारही तेच. मिरजेत अँजिओप्लास्टी झाली, बिल ३ लाख १२ हजार. कंपनीने २ लाख ९४ हजार दिले. उरलेले १८ हजार हातमोजे, सिरिंज असल्या वस्तूंचे, ते आम्ही भरले.

सोपं गेलं असं म्हणत नाही. सकाळी नऊला डॉक्टर म्हणाले, घरी जा. दुपारी तीनपर्यंत आम्ही टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या, खिडकीसमोर स्टीलच्या बाकावर. हे मनगटावरची सलाईनची चिकटपट्टी नखाने उकलत बसलेले. आतून दोनदा ‘क्वेरी’ आली. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२४ चा नियम आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण माझ्या जावेने त्याच आजारात पाटल्या मोडल्या. मी मोडल्या नाहीत. एवढा फरक मला पुरेसा आहे.

हिशेबवही
ताई, तुमचं चांगलं झालं, आनंद आहे. आता आमचं ऐका. वडिलांची पॉलिसी २०१८ ची. एकही हप्ता चुकला नाही. २०२५ मध्ये लकव्याचा झटका आला. दाखल करताना कॅज्युअल्टीतल्या पोराने आईला विचारलं, बीपी आहे का? आई घाबरलेली, म्हणाली, ‘आहे की, आठ-दहा वर्षं.’ त्याने ते केसपेपरवर लिहिलं. त्या एका ओळीवर क्लेम नाकारला: पॉलिसी घेताना आजार लपवला. फॉर्म एजंटने भरला होता, वडिलांनी फक्त सही केली. ३ लाख ८० हजार मी मित्रांकडून उसने घेऊन भरले. सात वर्षं हप्ते भरून हे. एसआयपीतले पैसे काढताना कुणी केसपेपर मागत नाही.

पंचगंगा_घाट
दोघंबी भांडताय कशाला? राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना आहे की. आधी दीड लाखाचं कव्हर होतं, १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख, आणि आता पांढऱ्या रेशनकार्डालाबी. माझ्या आईचं बायपास कोल्हापुरात झालं, रुपाया लागला नाही. वर सत्तरीपुढच्यांना केंद्राचं मोफत उपचारांचं वय वंदना कार्ड, त्यात उत्पन्नाची अट नाही. हप्ते भरायचे कशाला मग?

कृष्णाकाठ
दादा, योजनेला मी नावं ठेवत नाही. आमच्या गल्लीतल्या दोघांचा जीव तिच्यामुळे वाचला. पण आजार यादीत बसावा लागतो, रुग्णालय यादीतलं असावं लागतं आणि त्यात त्या दिवशी खाट मिळावी लागते. रात्री दोनला जवळ जे दिसेल तिथे नेतो आपण.

ठाणेकर_७२
बँकेतून निवृत्त, वय ६२. खरी मेख हप्त्यात आहे, त्यावर कुणीच बोलत नाही. आम्हा दोघांचा हप्ता २०२३ मध्ये ३८ हजार, पुढच्या वर्षी ६१ हजार. एकही क्लेम नाही! फोन केला तर म्हणे, वयाचा टप्पा बदलला. जानेवारी २०२५ मध्ये आयआरडीएआयने सांगितलं, की साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी आम्हाला विचारा. आमचा घोडा तोवर उधळला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढाच दिलासा. हप्त्यावर आयकरात मिळणारी वजावट म्हणाल तर नव्या करप्रणालीत तीही नाही. तरी भरतोय, कारण या वयात सोडली तर नवीन कोण देणार?

हिशेबवही
हेच तर म्हणतोय! तरुणपणी घ्या म्हणतात, क्लेम नसतो. म्हातारपणी क्लेम असतो, तेव्हा हप्ता परवडत नाही. आणि क्लेम पास झाला तरी हातात काय येतं ते बघा. माझ्या मेव्हण्याची ३ लाखांची पॉलिसी, खोलीची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. त्याने ६ हजारांची खोली घेतली. पाच दिवसांत बिल २ लाख ४० हजार. त्याला वाटलं, वरचे १५ हजार आपण भरू. भरावे लागले ७५ हजार.

पंचगंगा_घाट
ते कसं काय?

कृष्णाकाठ
मी सांगते, हे मला नीट माहीत आहे. खोली मर्यादेच्या दुप्पट घेतली की डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग सगळं निम्मं होतं. खोलीचे ३० हजार असतील, त्यातले १५ मिळाले. डॉक्टर आणि थिएटर १ लाख २० हजार, त्यातले ६० मिळाले. औषधं, तपासण्या, इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही, ते ९० हजार पूर्ण. झाले १ लाख ६५. कंपनीने फसवलं नाही, पॉलिसीत लिहिलेलं असतं. पण एजंट हे तोंडाने सांगत नाही, हा माझाही राग आहे. खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्यावी, हप्ता थोडा जास्त पडला तरी.

पंचगंगा_घाट
पण खोली महाग घेतली म्हणून सर्जनची फी वाढते कशी? पोट तेच, टाके तेवढेच! दवाखान्यात पाय टाकला की पहिला प्रश्न ‘मेडिक्लेम आहे का?’ नाडी नंतर बघतात. माझ्या चुलत्याच्या हर्नियाला आधी ५५ हजार सांगितले. कार्ड दाखवल्यावर ९० झाले. विमा लोकांसाठी नाही, दवाखान्यांसाठी काढलाय.

बारा_खाटा
मी डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी बारा खाटांचं नर्सिंग होम चालवतो. हे वाचून गप्प बसवत नाही. मेडिक्लेम आहे का हे विचारावंच लागतं, कारण कॅशलेसची, म्हणजे बिल कंपनीने थेट भरण्याची, पूर्वमंजुरी आधी मागवायची असते. कंपन्या आम्हाला जे पॅकेज देतात ते कित्येक वर्षांपूर्वीच्या दराचं आहे. पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, त्यातही कापून. माझ्या नर्सचा पगार, ऑक्सिजन, जनरेटरचं डिझेल थांबत नाही. लुटारू म्हणायच्या आधी आमच्या दारात एकदा बसून बघा.

पंचगंगा_घाट
साहेब, मग दरपत्रक भिंतीवर का लावत नाही? २०२१ च्या नर्सिंग होम नियमांत आहे ते. रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दिसतील असे लावायचे. मी तीन दवाखाने हिंडलो चुलत्याला घेऊन. एकाही ठिकाणी नाही. विचारलं तर रिसेप्शनवरची मुलगी माझ्याकडेच बघत राहिली.

बारा_खाटा
माझ्याकडे लावलंय. सगळ्यांची उत्तरं मी का देऊ?

पंचगंगा_घाट
कारण तुम्ही सगळ्यांच्या वतीने बोलायला आलाय!

ठाणेकर_७२
अहो, मूळ विषय हप्त्याचा होता.

बारा_खाटा
नाही, आता बोलूच द्या. दर वाढवून लावणारे आहेत, मी नाकारत नाही. खोलीनुसार सर्जनची फी बदलते ही मोठ्या रुग्णालयांची पद्धत, मलाही पटत नाही. तुमच्या चुलत्याचं ५५ चं ९० झालं असेल तर ते चूक आहे. झालं समाधान? पण त्या पापात कंपन्या आणि त्यांची दरवाढही आहे. सगळं खापर आमच्या डोक्यावर नको.

पंचगंगा_घाट
एवढं तरी कबूल केलंत. बास मला.

कृष्णाकाठ
‘हिशेबवही’, तुमच्या वडिलांचं डोक्यातून जात नाहीये. पॉलिसी २०१८ पासून सलग आहे म्हणालात ना? मग पॉलिसीतली मोरॅटोरियमची अट बघितली का? सलग ६० महिने पूर्ण झाले की माहिती लपवली म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच येतो. आधी ही मुदत आठ वर्षं होती, एप्रिल २०२४ पासून पाच. तुमचा क्लेम २०२५ चा.

हिशेबवही
हे मला कुणी सांगितलं नाही. एजंटने नाही, कंपनीने तर नाहीच. पण मध्ये २०२२ ला कव्हर ३ चं ५ लाख केलं होतं. त्यावरून ते वाद घालतील.

कृष्णाकाठ
वाढवलेल्या २ लाखांना ६० महिने तिथून मोजतात. मूळ ३ लाखांना नाही. म्हणजे ३ लाखांवर तरी तुमचा हक्क आहे. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं होतं का?

हिशेबवही
लिहिलं होतं. त्यांचंही नकाराचं पत्र आलं. फाइल करून कपाटात टाकली.

कृष्णाकाठ
पत्राची तारीख बघा. त्या नकारापासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. पुण्यात ऑफिस आहे. फी नाही, वकील लागत नाही, उलट वकील चालतच नाही. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. केसपेपरची प्रत, पॉलिसीच्या सगळ्या वर्षांच्या पावत्या आणि एजंटने फॉर्म भरल्याचं आईचं साधं लेखी म्हणणं जोडा.

हिशेबवही
आत्ता कपाट उघडलं. पत्र दहा महिन्यांपूर्वीचं आहे.

विमा चांगला, हे मी अजून म्हणणार नाही. सात वर्षं भरलेल्या माणसाला स्वतःचा हक्क परक्या ताईकडून कळावा, याचा संताप जास्तच आलाय. पण तिसऱ्या वर्षाचं तुमचं गणित मला खोडता आलं नाही, हेही खरं. स्वतःसाठी ५ लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप, म्हणजे वर्षाचं बिल ५ लाखांपुढे गेलं की पुढचं देणारा विमा, बघतोय, त्याचा हप्ता कमी आहे. खालचे ५ लाख एसआयपीतून. ते साठेपर्यंत काय, असं तुम्ही विचारणार, माहीत आहे.

कृष्णाकाठ
विचारणारच. पण आधी पुण्याला जा. २०१८ ची पहिली पॉलिसी सापडली का?

हिशेबवही
पावत्या २०१९ पासूनच्या आहेत. पहिलं वर्ष आईच्या ट्रंकेत असेल. उद्या गावाकडे जातोय.