न गाजलेले, पण पाहायलाच हवेत असे चित्रपट सुचवावेत

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार. आम्ही सहा-सात घरची माणसे महिन्यातून दोन शनिवारी आमच्या गच्चीवर एकत्र चित्रपट पाहतो. जिन्याच्या खोलीच्या भिंतीला चुना दिला आहे, प्रोजेक्टर भाच्याचा आहे, आणि मध्यंतराला भाजलेले बिबडे व शेंगदाणे ठरलेले असतात. ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘श्वास’, ‘फँड्री’, ‘कोर्ट’ असे सर्वांनी नावाजलेले चित्रपट पाहून झाले, म्हणून गेल्या महिन्यात मी इंटरनेटवरच्या एका यादीतून जगभरातल्या ‘दुर्लक्षित’ चित्रपटांपैकी एक उचलला. त्यात एक गृहस्थ बराच वेळ खिडकीशी उभे होते. मध्यंतरात खाली उतरलेली मंडळी पुन्हा वर आलीच नाहीत. उरलो मी, भाचा आणि बिबड्यांचे ताट.

आमचे बहुतेक प्रेक्षक साठीच्या पुढचे आहेत. आई आणि दोन्ही काकू घरात अहिराणी बोलतात. त्यांना मराठी उत्तम आणि हिंदी बऱ्यापैकी समजते, पण पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचता येत नाहीत. तरीही मला त्यांना फक्त विनोदी चित्रपट दाखवायचे नाहीत. ज्यांची चर्चा फारशी झाली नाही, किंवा झाली तरी जे आपल्या बाजूला पोहोचले नाहीत, असे चित्रपट जाणकारांनी सुचवावेत आणि ते का पाहावेत हेही कृपया लिहावे.

जुना ग्रंथपाल (शिरपूर)

आपली चूक चित्रपट निवडण्यात झाली नसून यादीवर विसंबण्यात झाली, असे मला वाटते. वाचनालयात असताना मी एक गोष्ट पाहिली: अनोळखी पुस्तक वाचकाच्या हाती टिकते ते त्यातला एखादा धागा त्याच्या स्वतःच्या आयुष्याला जुळला तरच. चित्रपटाचेही तसेच असावे. म्हणून सुरुवात घराजवळून करावी.

स्मिता पाटील यांचे घराणे आमच्या शिरपूरचे. ‘उंबरठा’ आपल्याकडे सर्वांना माहीत असतो, पण ‘जैत रे जैत’ (1977) पाहिलेला माणूस शोधावा लागतो. त्यातली गाणी मात्र प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असतात, आणि ती ना. धों. महानोरांची, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरापलीकडच्या पळसखेडच्या कवीची आहेत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवर जब्बार पटेलांनी तो केला. मधमाशीच्या दंशाने डोळा गमावलेला ठाकर तरुण नाग्या कड्यावरची पोळी उतरवायची जिद्द धरतो आणि चिंधी (स्मिताबाई) त्याच्यासोबत उभी राहते, एवढीच गोष्ट आहे. परंतु ती संवादांपेक्षा गाण्यांतून पुढे सरकते, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी कंटाळत नाहीत.

दुसरा चित्रपट बंगाली आहे: मृणाल सेन यांचा ‘आकालेर संधाने’ (1980). त्याला 1981 साली बर्लिनच्या महोत्सवात परीक्षक मंडळाचे विशेष ‘रौप्य अस्वल’ पारितोषिक मिळाले होते, तरी आपल्याकडे स्मिताबाईंच्या भूमिका आठवताना त्याचे नाव क्वचितच निघते. 1943 च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढण्यासाठी कलकत्त्याचे एक पथक खेड्यात येऊन उतरते आणि स्मिताबाई त्यात स्मिता नावाच्याच नटीची भूमिका करतात. पथकासाठी बाजारातून इतके धान्य-भाजी उचलली जाते की गावकऱ्यांनाच ते मिळेनासे होते. दुष्काळाचे चित्र काढायला आलेली माणसे गावात टंचाई आणतात, आणि हे त्यांच्या लक्षातही येत नाही. एका प्रसंगी ही शहरी मंडळी फावल्या वेळात उपाशी माणसांची छायाचित्रे एकेक करून दाखवतात आणि ते चित्र कोणत्या साली पडलेल्या दुष्काळाचे आहे हे ओळखण्याचा खेळ खेळतात. उत्तरे चुकत जातात, कारण सगळी शरीरे सारखीच दिसतात.

आपल्या आईंना 1972 चा दुष्काळ आठवत असेल. मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) लाल भाकरी, सुकडी, रोजगार हमीवरची खडी. तो प्रसंग त्यांना कोणी समजावून सांगावा लागणार नाही. राहिला भाषेचा प्रश्न. एकाने बाजूला बसून खालच्या ओळी मराठीत, जमल्यास अहिराणीतच, हळू आवाजात वाचून दाखवाव्यात. आम्ही वाचनालयात हा प्रयोग केला होता. पहिली दहा मिनिटे तो आवाज खटकतो आणि नंतर तो आहे हेच विसरायला होते.

नंदुरबारची सून

ग्रंथपालकाकांच्या यादीत मी ‘भवनी भवाई’ (1980) जोडते. केतन मेहता यांचा हा गुजराती चित्रपट आहे, त्यामुळे आमच्याकडे तो कोणी समजावून न देताही कळतो; अमळनेरलाही फार अडचण येऊ नये. यातही स्मिता पाटील आहेत, सोबत नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी. पाठीमागे झाडू आणि गळ्यात थुंकीचे मडके बांधून चालायला लावलेल्या माणसांची ही कथा भवाईच्या (गुजराती लोकनाट्याच्या) ढंगात, राजाची टवाळी करत, सांगितली आहे. तिला दोन शेवट आहेत: एक गोड आणि एक तसा नसलेला. आमच्या सासूबाईंनी पहिल्या शेवटाला टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्यानंतर बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पावरलूमवाला (मालेगाव)

आमचा जिल्हा नाशिक असला तरी बोली आणि सोयरीक तुमच्याकडचीच, म्हणून बोलण्याचा हक्क घेतो. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) हा माहितीपट जरूर लावावा. अलीकडे हिंदीत याच मंडळींवर मोठा चित्रपट आला, पण त्यामुळे मूळ माहितीपट अधिकच मागे पडला. तो जेमतेम तासाभराचा आहे. नासिर शेख आणि त्यांचे मित्र तुटपुंज्या पैशांत मालेगावचा सुपरमॅन कसा उडवतात, हे त्यात आहे. नायक शफीक हा लूमवर काम करणारा, अंगाने काडीसारखा माणूस, आणि चित्रीकरण चालू असतानाच त्याचे लग्नही होते. हसता हसता लक्षात येते की शुक्रवारी माग बंद असतात आणि सारे गाव सिनेमाला का लोटते. शफीक 2011 मध्ये कर्करोगाने गेला. हे आधी कोणाला सांगू नये. चित्रपट संपल्यावर सांगावे.

कपाशी (चोपडा)

वरील सूचना चांगल्या आहेत, पण सगळेच जुने किंवा सगळेच आपल्या नात्यातले पाहावे असे मला वाटत नाही. ‘उदाहरणार्थ नेमाडे’ (2016) हा अक्षय इंडीकर यांचा चित्रपट केवळ भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे आहेत म्हणून लावू नका; नेमाडे वाचलेल्या दोघा-तिघांनी तो वेगळा बसून पाहावा. मला तो आवडला, पण माझे वडील झोपले.

त्याच वडिलांनी डोळे न मिटता पाहिलेला चित्रपट म्हणजे सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (2009). विदर्भातला कापूस उत्पादक किसना (गिरीश कुलकर्णी) कर्जात आहे. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यापासून त्याच्या बायकोच्या (सोनाली कुलकर्णी) मनात भीती बसली आहे, म्हणून ती लहान मुलाला त्याच्या मागे-मागे पाठवते आणि घरात काही नसतानाही त्याच्या आवडीची पुरणपोळी करते. नवऱ्याला मात्र कळतच नाही की आपले एवढे लाड का चालले आहेत. यातून विनोद निर्माण होतो, आणि आपण हसत असताना आकाशाकडेही पाहत राहतो. वडील अर्ध्यात फक्त एवढेच म्हणाले की पेरणी उलटली. दुबार पेरणीचा खर्च ज्याने एकदा केला आहे, त्याला या चित्रपटाची ओळख करून द्यावी लागत नाही.

जाता जाता: उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’ तरुण मुलांसाठी राखून ठेवावा. आणि उद्या सभागृह घेऊन कार्यक्रम करणार असाल तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्यावी. गच्चीवरच्या घरगुती बैठकीची गोष्ट निराळी आहे.

बोरीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला 1972 बद्दल सहज विचारले, तर ती अर्धा तास मिलोच्या भाकरीवरच बोलत राहिली. भाकरी थंड झाली की दाताने तुटत नसे, म्हणे. त्यामुळे येत्या शनिवारी ‘आकालेर संधाने’ नक्की केला आहे आणि ओळी वाचून दाखवायला मोठ्या काकूंच्या नातवाला तयार केले आहे. त्याचे इंग्रजी चांगले आहे, पण अहिराणी कच्ची आहे. तो अडला की काकू दुरुस्त करतील. ‘गाभ्रीचा पाऊस’ मात्र मृग नक्षत्र उलटून गेल्यावर लावू, असे घरातल्या शेतकऱ्यांनी बजावले आहे.