गुहागरजवळच्या घराच्या मागच्या पडवीत स्वयंपाकाची सोय: सामान ठेवायला काय करावं?

परसदार:
पडवी १२ फूट बाय ७ फूट, पश्चिमेकडून उघडी, वर मंगलोरी कौलं, भिंत चिऱ्याची. समुद्र अंदाजे ४०० मीटरवर. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला दोन बर्नरची शेगडी, मधे मासे धुवायला सिंक. गणपतीत आणि मे महिन्यात २५ माणसांचा स्वयंपाक, एरवी आठवड्यातून दोनदा वापर. ठेवायचं सामान: मोठे टोप, कढया, पराती, पाटा-वरवंटा, विळ्या, सिलिंडर, लाकडं. एक सुतार मरीन प्लायच्या ट्रॉल्या सुचवतो, दुसरा स्टीलचं मॉड्युलर. चार पावसाळे तरी काय टिकेल?

चिरेबंदी:
दोन्ही नको. मरीन प्लाय पाण्याला टिकतं, पण कापलेल्या कडा नीट सील केल्या नाहीत तर तिथून ओल शिरते. शिवाय ट्रॉलीचे चॅनल आणि त्यातले बॉल खाऱ्या हवेत लवकर गंजतात, आणि एकदा गंजले की ट्रॉली जागीच अडते. बंद कपाटाचा खरा त्रास वेगळाच. जुलैत आतली हवा हलत नाही, टोपांना ओल धरते, बुरशीचा वास येतो. तुम्हाला कपाट नको, मांडणी हवी.

ओट्याखाली ४ इंची भिंतींचे खण करा, त्यात कडप्प्याच्या फळ्या. फळी २० मिमी जाड असेल तर दोन आधारांत २ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. कडप्पा थरांचा दगड आहे, जड टोप आपटला की थरावर चिरतो. खालची फळी जमिनीपासून ६ इंच वर, म्हणजे झाडू आणि पाण्याचा पाइप आत जातो. फळीला पुढे किंचित उतार ठेवा, टोप उपडे ठेवले की पाणी निथळून जाईल. खणाची रुंदी आधी ठरवू नका. सगळ्यांत मोठ्या टोपाचा व्यास कड्यांसकट मोजा, त्यात २ इंच मिळवा, मग गवंड्याला आकडा सांगा. हे उलट केलं की टोप वर्षभर ओट्याखाली जमिनीवर पडून राहतो.

वरचा ओटा मात्र कडप्प्याचा नको. तो चुन्याच्या जातीचा दगड, लिंबू-कोकमाच्या आंबटाने त्याची झिलई जाते. तिथे ग्रॅनाइट घाला आणि पुढच्या कडेला खालून खाच मारून घ्या, नाहीतर सांडलेलं पाणी ओघळून थेट खणात येतं.

शेगडीदुरुस्ती:
सिलिंडरचं नीट ठरवा. घरगुती १४.२ किलोच्या सिलिंडरला रेग्युलेटर लावायला-काढायला हात जायला हवा, म्हणून खण १८ इंच रुंद आणि निदान ३० इंच उंच घ्या. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे खणाला दार लावलंच तर अगदी खालच्या कडेला मोठी जाळी हवी. फक्त वर भोकं पाडून उपयोग नाही. सिंकची नाहाणी खणाला लागून असू नये, वायू मोरीत उतरतो.

रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि भिंतीतून ओवून न्यायची नाही, कारण आत कुरतडलेली असली तर दिसत नाही. म्हणजे सिलिंडर शेगडीच्या टोकालाच, चुलीपासून सगळ्यांत लांब. तुमची मांडणी या बाबतीत बरोबर आहे, ती बदलू नका.

खाडीकाठ:
कडप्प्याशी सहमत, पण स्टील पूर्ण बाद करू नये. भांडी अडकवायला सळई हवीच. स्टेनलेस स्टीलचे २०२, ३०४, ३१६ असे ग्रेड येतात. २०२ स्वस्त पडतो, किनाऱ्यावर लवकर तांबूस होतो. चुंबक लावून २०२ आणि ३०४ ओळखता येत नाही, दोन्हींना ते जवळपास चिकटत नाही; बिलावर ग्रेड लिहून घ्या. ३१६ मिळाला तर उत्तम, त्यातल्या मॉलिब्डेनम धातूमुळे मीठ स्टीलला कमी खातं. ३०४ वापरला तर महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसा, विशेषतः छपराखालचा भाग. तिथे पावसाने धुतलं जात नाही, म्हणून उघड्यावरच्या स्टीलपेक्षा तिथेच जास्त डाग पडतात.

लाकडं ओट्याखाली ठेवू नका. त्या गारव्यात विंचू, फुरसं येऊन बसतं आणि आपण न बघता हात घालतो. चुलीपासून ४ फुटांवर, दोन ओळी चिऱ्यांवर, भिंतीपासून ४ इंच सोडून आडवी-उभी रचा. त्या दिवसापुरतीच चुलीजवळ आणा.

परसदार:
झड आत किती येते ते आत्ता कसं कळणार? आणि पीठ-मसाला बाहेर ठेवावा का?

चिरेबंदी:
पहिल्या जोराच्या पावसात फरशी कुठवर भिजली ते भिंतीवर पेन्सिलने आखून ठेवा. त्या रेघेच्या आत खण, बाहेर फक्त सिंक आणि पाटा. काम मे महिन्यात घाईने उरकण्यापेक्षा एक पावसाळा थांबून ऑक्टोबरनंतर सुरू करा.

पीठ-मसाला घरातच. मीठ पाघळतं, मिरचीपूड गोळा होते, उंदीर डबे कुरतडतात. रोजच्या मिठापुरती चिनी मातीची झाकणाची बरणी बाहेर चालेल.